‘स्वभावाला औषध नाही’ म्हणण्याआधी हे वाचा : मेंदूचा कोणता भाग विचार, भावना आणि संवेदना कशा घडवतो?

रात्रीचे दोन वाजलेत. तुम्ही गाढ झोपेत आहात आणि अचानक फोन वाजतो. स्क्रीनवर गावाकडच्या काकांचं नाव. काळजात धस्स होतं, तोंडाला कोरड पडते, छाती धडधडायला लागते. घाबरत घाबरत तुम्ही फोन उचलता आणि काका म्हणतात, “अरे, झोपला होतास का? चुकून लागला बघ फोन.” तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकता. पुढची दहा मिनिटं छाती मात्र धडधडतच राहते.

आपण म्हणतो ‘काळजात धस्स झालं’, ‘पोटात गोळा आला’, ‘मन मानत नाही’. भावना कुठे राहतात असं विचारलं तर मराठी माणूस काळीज, पोट आणि मन असे तीन पत्ते देतो. या सगळ्याची सुरुवात होते ती कवटीच्या आत. रिंगटोन ऐकणं, काकांचं नाव वाचणं, ‘एवढ्या रात्री फोन म्हणजे नक्की काहीतरी वाईट’ हा अंदाज बांधणं, घाबरणं आणि शेवटी ‘काही नाही, चुकून लागला’ असं स्वतःला समजावणं, ही सगळी कामं मेंदूचे वेगवेगळे भाग मिळून करतात.

कोणता भाग काय करतो, हे शास्त्रज्ञांना कळलं कसं? याचं उत्तर थोडं क्लेशदायक आहे. स्कॅनिंगची यंत्रं येण्याच्या कितीतरी आधी, ज्यांच्या मेंदूचा एखादा भाग निकामी झाला होता अशा माणसांनी हे ज्ञान आपल्याला दिलं. त्यांच्या गोष्टी वाचल्या की आणखी एक गोष्ट लक्षात येते. आपण ज्याला सहज ‘स्वभाव’ म्हणून सोडून देतो, तो कधीकधी मेंदूचा आजार असतो. आणि अशा ‘स्वभावा’ला कधीकधी खरोखरच औषध असतं.

आधी मेंदूची तोंडओळख

प्रौढ माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम असतं. म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. खर्च मात्र मोठा. आपण नुसते बसून असतो तेव्हाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, म्हणजेच न्यूरॉन्स असतात. ताजा मेंदू हाताला खरवसासारखा मऊ लागतो. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेत मेंदूचं संग्रहालय आहे. तिथे खरा मानवी मेंदू हातात घेऊन पाहता येतो.

ढोबळमानाने मेंदूचे तीन भाग समजून घेऊ.

पहिला, मेंदूचं खोड. मानेच्या वर, मज्जारज्जू जिथे मेंदूला मिळतो तिथला हा भाग. श्वास, हृदयाचे ठोके, झोप-जाग ही कामं हा भाग आपल्याला न विचारता सांभाळतो.

दुसरा, छोटा मेंदू. डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असतो. तोल सांभाळणं आणि हालचालींमध्ये सफाई आणणं ही त्याची मुख्य कामं. नाव ‘छोटा’ असलं तरी मेंदूतल्या एकूण न्यूरॉन्सपैकी सुमारे ८० टक्के न्यूरॉन्स इथेच असतात.

तिसरा, मोठा मेंदू. अक्रोडासारखा घड्या पडलेला जो मेंदू आपण चित्रात बघतो, तो हा. त्याचा वरचा थर म्हणजे कॉर्टेक्स. जाडी फक्त २ ते ४ मिलिमीटर, पण घड्या उलगडून पसरला तर साधारण वर्तमानपत्राच्या एका पानाएवढा होईल. त्याचे चार विभाग मानतात. कपाळामागे फ्रंटल लोब, टाळूच्या मागच्या बाजूला पॅरायटल लोब, कानांच्या आतल्या बाजूला टेम्पोरल लोब आणि डोक्याच्या अगदी मागे ऑक्सिपिटल लोब. या थराच्या खाली, खोलवर, थॅलॅमस, हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला असे लहान पण महत्त्वाचे भाग दडलेले असतात.

संवेदना : डोळे बघतात की मेंदू?

डोक्याच्या मागे जोरात मार बसला की ‘डोळ्यांपुढे काजवे चमकले’ असं आपण म्हणतो. मार लागला मागे, मग काजवे डोळ्यांपुढे का? कारण ‘दिसण्याचं’ काम डोक्याच्या मागच्या भागात, ऑक्सिपिटल लोबमध्ये होतं. तिथल्या पेशींना धक्का बसला की समोर काही नसतानाही उजेड दिसतो. डोळे प्रकाश टिपतात. त्याचं चित्र तयार करतो तो मेंदू.

याचा नकाशा युद्धाच्या निमित्ताने तयार झाला. १९०४-०५ मध्ये रशिया आणि जपानमध्ये युद्ध झालं. तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रतज्ज्ञाने डोक्याच्या मागे गोळी लागूनही वाचलेल्या सैनिकांना तपासलं. त्यांचे डोळे शाबूत होते, पण समोरच्या दृश्याचा ठरावीक तुकडा त्यांना दिसत नव्हता. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि कोणता तुकडा दिसेनासा झाला, याची सांगड घालून त्यांनी १९०९ मध्ये मेंदूतल्या दृष्टीचा नकाशा मांडला.

ऐकण्याचं केंद्र टेम्पोरल लोबमध्ये, तर स्पर्शाचं पॅरायटल लोबच्या पुढच्या कडेला आहे. डोळे, कान, जीभ, त्वचा यांच्याकडून येणारे संदेश आधी थॅलॅमसमध्ये येतात आणि तिथून आपापल्या विभागाकडे रवाना होतात. मनमाड जंक्शनवर गाड्या येतात आणि वेगवेगळ्या दिशांना जातात, तसंच काहीसं.

याला एक अपवाद आहे, वासाचा. वासाचे संदेश या जंक्शनवर न थांबता थेट गंध ओळखणाऱ्या भागात आणि अमिग्डालापर्यंत पोचतात. भावना आणि आठवणी सांभाळणारे भाग तिथे शेजारीच आहेत. पहिल्या पावसानंतर मातीचा वास आला की शाळेचा पहिला दिवस, नवी वह्या-पुस्तकं, आजोळचं अंगण असं काहीतरी आपोआप आठवतं, त्यामागे हे शेजारपण असावं असं मानलं जातं.

स्पर्शाचा नकाशा तर आणखी गमतीशीर आहे. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड नावाचे न्यूरोसर्जन रुग्ण जागा असताना मेंदूची शस्त्रक्रिया करायचे. हे शक्य होतं, कारण खुद्द मेंदूच्या पेशींना वेदना जाणवत नाहीत. शस्त्रक्रियेदरम्यान ते मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा अगदी सौम्य झटका द्यायचे आणि रुग्णाला ‘काय जाणवतंय?’ असं विचारायचे. एका ठिकाणी झटका दिला की रुग्णाला अंगठ्यात मुंग्या जाणवायच्या, जरा बाजूला दिला की ओठात. यातून शरीराचा एक नकाशाच मेंदूवर सापडला. त्यात ओठ, जीभ आणि बोटं यांना प्रचंड जागा आहे आणि पाठीला अगदी थोडी. म्हणूनच बोटांना तांदळातला बारीकसा खडाही कळतो, पण पाठीवर नेमकं कुठे खाजतंय ते दुसऱ्याला सांगताना ‘जरा वर, जरा डावीकडे’ करावं लागतं.

या नकाशात हाताची जागा चेहऱ्याच्या शेजारी आहे. तमिळनाडूत जन्मलेले न्यूरोशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात कापावा लागलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांच्यातल्या काहींच्या गालाला कापसाने स्पर्श केला की नसलेल्या हाताला कुणीतरी हात लावतंय असं त्यांना वाटायचं. हात गेला होता, पण मेंदूतली त्याची जागा कायम होती आणि तिच्यापर्यंत शेजारच्या चेहऱ्याचे संदेश पोचत होते. नसलेला हात दुखतो म्हणणारा माणूस नाटक करत नसतो. त्याच्या मेंदूसाठी तो हात अजून आहे.

भावना : काळजात धस्स होतं तेव्हा

आता रात्री दोनच्या फोनकडे परत येऊ. टेम्पोरल लोबच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक छोटा भाग असतो. हाच अमिग्डाला. धोका हुंगणं हे त्याचं एक मुख्य काम. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की धोक्याची बातमी अमिग्डालाकडे दोन रस्त्यांनी जाते. एक रस्ता जवळचा, थॅलॅमसमधून थेट. दुसरा लांबचा, कॉर्टेक्समधून, जिथे नीट छाननी होते. जवळच्या रस्त्याने बातमी आधी पोचते, त्यामुळे शरीर विचार करण्याआधीच तयारीला लागतं. अॅड्रेनालिन रक्तात मिसळतं आणि हृदय जोरात धडधडायला लागतं. काकांचं ‘चुकून लागला’ ऐकल्यावर विचार करणारा मेंदू शांत होतो, पण रक्तातलं रसायन ओसरायला वेळ लागतो. म्हणून छाती दहा मिनिटं धडधडत राहते.

मग अमिग्डालाच नसेल तर? अमेरिकेतल्या एका महिलेच्या बाबतीत असं झालं. संशोधनात तिचा उल्लेख फक्त ‘एसएम’ असा होतो. एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झाले. संशोधक तिला साप आणि कोळी ठेवणाऱ्या दुकानात घेऊन गेले. तिने साप हातात घेतला, उलट धोकादायक सापांनाही हात लावू द्या असा तिचा आग्रह होता. ‘भुताच्या घरात’ नेलं तर ती सगळ्यांच्या पुढे चालली. आनंद, दुःख, राग या भावना तिला होत्या. भीती तेवढी नव्हती.

इथवर वाचून ‘अमिग्डाला म्हणजे भीतीचं बटण’ असं वाटेल. पण गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एसएमला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली. अशा हवेने गुदमरल्यासारखं वाटतं. आणि ही निडर बाई प्रचंड घाबरली. म्हणजे बाहेरचा धोका ओळखायला अमिग्डाला लागतो, पण जीव गुदमरण्याची भीती त्याच्याशिवायही निर्माण होऊ शकते. मेंदूत एक भाग म्हणजे एक काम असा सोपा हिशोब नसतो, हे शास्त्रज्ञांना असं पुन्हा पुन्हा शिकावं लागलं.

रील्स आणि डोपामाइन : ‘आनंदाचं रसायन’ हे अर्धसत्य

सोशल मीडियावर डोपामाइनला सरसकट ‘हॅपी केमिकल’ म्हणतात. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की माकडांच्या डोपामाइन पेशी एकदम सक्रिय व्हायच्या. मग रस मिळण्याआधी दर वेळी एक इशारा द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी इशाऱ्यालाच प्रतिसाद द्यायला लागल्या. रस मिळाला तेव्हा त्यांना काही विशेष वाटेना, आणि अपेक्षित रस मिळाला नाही तेव्हा त्या थंड पडल्या. म्हणजे हे रसायन अपेक्षेचा हिशोब ठेवतं. पुढचं रील भारी निघेल की फालतू, हे आधी माहीत नसतं. अंगठा थांबत नाही, त्याचं एक कारण ही अनिश्चितताही आहे.

आठवण : रोज नव्याने ओळख करून घेणारा माणूस

हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके यायचे. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले. पण हेन्रीला नवीन काहीच लक्षात राहीना. जुन्या आठवणी बऱ्याच शाबूत होत्या, बुद्धी चांगली होती, गप्पा छान मारायचा. पण समोरची व्यक्ती खोलीबाहेर जाऊन थोड्या वेळाने परत आली की त्याच्यासाठी ती नवी असायची. ज्या संशोधिकेने त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्या ब्रेंडा मिल्नर यांनाही तो दर भेटीत पहिल्यांदाच भेटत होता.

मिल्नर यांनी त्याला एक खेळ दिला. आरशात बघून चांदणीच्या रेषांवरून पेन्सिल फिरवायची. सुरुवातीला हात वेडावाकडा जायचा. तीन दिवसांत तो त्यात तरबेज झाला. पण हा खेळ आपण आधी खेळलोय हे त्याला आठवत नव्हतं! यातून कळलं की घटनांची आठवण वेगळी आणि हातांची सवय वेगळी. घटनांसाठी हिप्पोकॅम्पस हवा. सायकल चालवणं, पोळी लाटणं अशा सवयी छोटा मेंदू आणि मेंदूतले इतर खोलवरचे भाग सांभाळतात. म्हणून स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला सकाळचं जेवण आठवत नसलं तरी तिच्या हाताला कधीकधी पोळी बरोबर गोल लाटता येते.

हेन्री २००८ मध्ये वारला. त्यानंतर त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून अभ्यासासाठी जतन करण्यात आले.

भाषा : एकच शब्द उरलेला माणूस

पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात लुई व्हिक्टर लबॉर्न्य नावाचा रुग्ण वीसहून अधिक वर्षं होता. काहीही विचारा, तो ‘तां तां’ एवढंच म्हणायचा. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं समजायचं, हाताच्या खुणांनी तो उत्तरही द्यायचा. फार चिडला की मात्र तोंडातून अख्खी शिवी बाहेर पडायची. १८६१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या फ्रंटल लोबमध्ये खालच्या बाजूला मोठी इजा होती. बोलण्याशी जोडलेला हा भाग आज ‘ब्रोकाचा भाग’ म्हणून ओळखला जातो.

१८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार दाखवला. टेम्पोरल लोबच्या मागच्या भागाला इजा झालेले रुग्ण भराभर बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि इतरांचं बोलणं त्यांना कळत नाही.

हे आपल्या कामाचं का आहे? पक्षाघातानंतर बोलता न येणाऱ्या माणसाशी आपण अनेकदा लहान मुलाशी बोलावं तसं बोलतो, किंवा त्याच्यासमोरच ‘यांना आता काही कळत नाही’ म्हणतो. त्यांना सगळं कळत असू शकतं. अशा काही रुग्णांना साधं वाक्य जमत नाही, पण एक ते दहा आकडे किंवा लहानपणापासून पाठ असलेली आरती म्हणता येते. हे ‘मुद्दाम करतात’ असं मुळीच नाही. पाठ असलेलं आणि चालीत बसलेलं बोलणं मेंदू काहीशा वेगळ्या वाटेने करतो. काही प्रकारच्या स्पीच थेरपीत याचाच उपयोग करून घेतात.

विचार आणि संयम : कपाळामागचा कारभारी

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. २५ वर्षांचा मुकादम फिनिअस गेज लोखंडी सळईने भोकात दारू ठासत होता. ठिणगी उडाली आणि सुमारे ६ किलो वजनाची, मीटरभर लांब सळई त्याच्या डाव्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. आश्चर्य म्हणजे तो वाचला, काही मिनिटांत बोलूही लागला.

पण त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदवलं की जबाबदार, शांत, कामात चोख असलेला गेज आता लहरी, शिवराळ आणि हेकट झाला होता. एक बेत आखायचा, तो सोडून दुसरा. मित्रांना तो पूर्वीचा गेज वाटेना. त्याचा फ्रंटल लोब जखमी झाला होता. पुढचा विचार करणं, मोह आवरणं, लोकांत कसं वागावं याचं भान ठेवणं ही कामं या लोबच्या पुढच्या भागाशी जोडलेली आहेत. हा भाग सगळ्यात उशिरा पिकतो, विशीच्या मध्यापर्यंत त्याची जडणघडण चालू असते.

गेजची ही गोष्ट पुढे बरीच मीठमसाला लावून सांगितली गेली. खरं तर तो नंतर चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं जिकिरीचं काम करत होता. म्हणजे काळ गेला तसा तो बराच सावरला असावा. १८६० मध्ये त्याचं निधन झालं. त्याची कवटी आणि ती सळई आज हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

दोन फॉरवर्ड्स, जे आता थांबवायला हवेत

पहिला : ‘तुम्ही लेफ्ट ब्रेन आहात की राइट ब्रेन?’ मेंदूच्या दोन बाजूंमध्ये कामाची काही वाटणी आहे हे खरं. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते. दोन्ही बाजूंना जोडणारा पूल शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेलही मिळालं. पण त्यावरून गणितवाला डावा आणि चित्रकार उजवा असे माणसांचे दोन गट पडत नाहीत. २०१३ मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. एखाद्या व्यक्तीची एकच बाजू एकूणच जास्त चालते, असं काही त्यांना सापडलं नाही.

दुसरा : ‘आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो.’ तसं असतं तर बाकीच्या ९० टक्के भागाला इजा होऊनही काही बिघडलं नसतं. वर वाचलेल्या माणसांकडे बघा. वाटाण्याएवढ्या जागेतला रक्तपुरवठा थांबला तरी माणसाचं बोलणं किंवा हात जाऊ शकतो.

मेंदू बदलतो का?

बदलतो. लंडनमध्ये टॅक्सी परवान्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २००० मध्ये एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांना आढळलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आहे, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका हा फरक जास्त. पक्षाघातानंतर फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी करायला सांगतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. सरावाने मेंदूतल्या शिल्लक जोडण्या नवी कामं शिकू शकतात. ते हळूहळू होतं, पूर्ण होईलच असं नाही, पण होतं.

मग ‘स्वभाव’ कधी तपासून घ्यायचा?

आता घरातल्या काही प्रसंगांकडे बघा.

आजोबा ताटातली फक्त उजव्या बाजूची भाजी खातात. डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. घरचे म्हणतात, ‘म्हातारपणी नखरे वाढलेत.’ मेंदूच्या उजव्या बाजूच्या पॅरायटल लोबला इजा झाली तर माणसाचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात. ताटाची डावी बाजू त्याच्यासाठी जणू अस्तित्वातच नसते.

बाइकच्या अपघातातून वाचलेला मुलगा आता सतत चिडतो, कामात टिकत नाही. नातेवाईक म्हणतात, ‘लाडाने वाया गेला.’ डोक्याच्या अपघातात फ्रंटल आणि टेम्पोरल लोबला मार बसण्याचं प्रमाण मोठं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पन्नाशीतले मितभाषी गृहस्थ अचानक वाट्टेल तसे पैसे उडवायला लागतात, चारचौघांत नको ते बोलतात, बायकोच्या आजारपणाचंही त्यांना काही वाटेनासं होतं. ‘या वयात बुद्धी फिरली,’ असं लोक म्हणतात. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या आजाराची सुरुवात अनेकदा नेमकी अशीच होते. स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असते, म्हणून कुणाला आजाराची शंकाही येत नाही. हॉलिवूड अभिनेता ब्रूस विलिसला हा आजार झाल्याचं त्याच्या कुटुंबाने २०२३ मध्ये जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी त्याला भाषेचा त्रास होत असल्याचं समोर आलं होतं.

या आजारावर आज रोग थांबवणारं औषध नाही. तरी निदान झालं की घरच्यांचा राग कमी होतो आणि पैशांचे व्यवहार वेळेत सांभाळता येतात. वागण्यात बदल होण्याची काही कारणं मात्र उपचाराने बरी होऊ शकतात. रक्तातलं सोडियम कमी होणं, थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता, ज्येष्ठांमधला लघवीचा संसर्ग, किंवा बाथरूममध्ये घसरून पडल्यावर काही आठवड्यांनी मेंदूवर साचलेलं रक्त. यातली बरीचशी कारणं रक्ताच्या साध्या तपासणीत किंवा एका स्कॅनमध्ये कळतात.

अर्थात, चिडणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. लक्ष ठेवायचं ते बदलावर. वर्षानुवर्षं एका पद्धतीने वागणारा माणूस काही तासांत, दिवसांत किंवा महिन्यांत वेगळा वागायला लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि बदल अचानक, काही मिनिटांत झाला तर थांबूच नका. पक्षाघात ओळखायला चार शब्द लक्षात ठेवा :

चेहरा : हसायला सांगा. एका बाजूचं तोंड वाकडं होतंय का?
हात : दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात खाली येतोय का?
बोलणं : साधं वाक्य म्हणायला सांगा. जीभ अडखळतेय का, असंबद्ध बोलणं होतंय का?
वेळ : यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा.

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन्स मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे ‘थोडं पडून राहू दे, बरं वाटेल’, ‘सकाळी बघू’ असं म्हणण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. तोंडात पाणी, औषध किंवा काही खायला घालू नका, घास घशात अडकू शकतो. जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशाच रुग्णालयात थेट न्या.

रात्री दोनच्या त्या फोनवर काका ‘चुकून लागला’ म्हणाले. पण त्यांची जीभ अडखळत असेल, शब्द सापडत नसतील, तर ‘झोपेत असतील’ म्हणून फोन ठेवू नका. घरात दुसरं कोण आहे ते विचारा, त्याला फोन द्यायला सांगा आणि चेहरा, हात, बोलणं तपासायला लावा. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण जुनी आहे. मेंदूला मात्र औषध असू शकतं, वेळेत पोचलं तर.